ज्युनिपर उशिरा सांगतं : खान्देशच्या उन्हात आजारी पडलेलं सूचिपर्णी बोन्साय कसं तपासावं, कसं वाचवावं

मृगाचा पहिला पाऊस पडतो, गच्ची धुऊन निघते आणि आठवड्याभरात, मे महिनाभर हिरवंगार उभं असलेलं ज्युनिपरचं बोन्साय फिकं पडायला लागतं. आधी नुसती चमक जाते. मग रंग राखाडीकडून खाकीकडे झुकतो. आषाढ लागेपर्यंत पूर्ण तपकिरी. घरात निदान ठरलेलं असतं : 'पाऊस मानवला नाही.' पुढच्या वर्षी नवं झाड येतं आणि त्याला पावसापासून जपलं जातं.

बहुतेक वेळा ते झाड आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपासच गेलेलं असतं. आपल्या लक्षात आलं तेव्हा पाऊस चालू होता, एवढाच पावसाचा दोष.

मेथीची जुडी सकाळी आणली तर संध्याकाळी मान टाकते. जास्वंदाला एक दिवस पाणी चुकलं तर दुपारी पानं लोंबतात, पाणी दिलं की तासाभरात उभी राहतात. ही झाडं बोलकी आहेत. ज्युनिपर, मोरपंखी, चीड (पाइन) यांचं तसं नाही. त्यांच्या पानांवर मेणाचा जाड थर असतो, पानांची छिद्रं खोलगट जागी दडलेली असतात आणि पान स्वतःच इतकं ताठ असतं की आतलं पाणी संपलं तरी ते लोंबत नाही. ज्युनिपरची फांदी कापून नुसती टेबलावर ठेवली तरी दोन-तीन आठवडे हिरवी दिसते. मुळं मेलेलं झाड म्हणजे कुंडीत उभी करून ठेवलेली अशीच एक मोठी कापलेली फांदी.

यातून तपासणीचा पहिला नियम निघतो. आज जे दिसतंय त्याचं कारण आज शोधायचं नाही. तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत मागे जायचं. तेव्हा कुंडी कुठे होती? कोण गावाला गेलं होतं आणि पाणी कोण घालत होतं? खत कधी दिलं, कुंडी कधी बदलली, तार कधी बांधली? हे कागदावर लिहून काढलं तर निम्मं निदान तिथेच होतं. उरलेलं निम्मं झाडाकडे आणि मुळांकडे पाहून करायचं.

आधी झाड कोणतं ते पाहा

नर्सरीत 'पाइन बोन्साय' म्हणून विकली जाणारी बरीच झाडं सुरूची असतात. सुरू दिसतो सूचिपर्णीसारखा, पण तो त्या गटातला नाही. ओळखायची खूण सोपी आहे. सुईसारखी एक काडी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढा. सुरूची काडी उसासारखी पेरावर सुटते आणि सुटल्या जागी बारीक दातांची कडी दिसते. चिडाची सुई अशी पेरावर सुटत नाही. तिच्या दोन, तीन किंवा पाच सुया बुडाशी एका आवरणात जुडीने बांधलेल्या असतात.

हा फरक महत्त्वाचा, कारण सुरू आजारी पडला तर तो छाटला तरी जुन्या लाकडातून फुटतो. ज्युनिपर आणि मोरपंखी सहसा फुटत नाहीत. ज्युनिपरच्या ज्या फांदीवर हिरवं काहीच उरलेलं नाही, ती फांदी गेली. तिला नवी पालवी येईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. आणि ज्या फांदीच्या टोकाला चिमूटभर हिरवं शिल्लक आहे, ते चिमूटभर हिरवंच त्या फांदीचं भांडवल. आजारी झाड 'हलकं करावं' म्हणून छाटणारे लोक नेमकं हेच भांडवल कापून टाकतात.

मोरपंखी सगळ्यांना माहीत असते : चपटी पानं, पुस्तकाच्या पानांसारखी उभी. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, ती तांबूस-तपकिरी झाक धरते. काही ज्युनिपरही धरतात. धुळ्या-जळगावात पहाटेचा पारा दहाच्या खाली गेला की हा रंग येणारच. तो आजार नाही, ऊन तापलं की हिरवा परततो. तसंच आतल्या बाजूची, सावलीत पडलेली जुनी पानं वर्षातून एकदा गळतात. चिडाच्या दोन-तीन वर्षांच्या सुया पिवळ्या पडून झडतात. टोकं हिरवी आणि आतून गळती, असं असेल तर झाड बरं आहे.

जिवंत आहे का?

तीन गोष्टी तपासायच्या. पहिली, पानं हातात घ्या. जिवंत ज्युनिपरची पानं मऊ, किंचित गार आणि लवचिक लागतात. मेलेली कोरडी, टोचरी लागतात आणि चोळली की चुरा होतो. रंग फसवतो, हात फसत नाही.

दुसरी, काडी वाकवा. पेन्सिलीहून बारीक फांदी जिवंत असेल तर वाकते, मेलेली कट्कन मोडते.

तिसरी, नखाने खरवडा. फांदीच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरच खरवडायचं. वरची सुटी साल निघाली की खाली हिरवट-पांढरा ओलसर थर दिसला पाहिजे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर खोडाच्या दिशेने चार बोटं खाली सरकून पुन्हा. असं टोकाकडून खोडाकडे, खोडावरून बुंध्याकडे उतरत जायचं. कुठे हिरवं सुरू होतं तिथे पेनने खूण करा. पंधरा दिवसांनी त्याच जागी पुन्हा पाहिलं की मरण पुढे सरकतंय की थांबलंय हे कळतं. बुंध्यापर्यंत चहूबाजूंनी कोरडं असेल तर उपचार करण्यासारखं काही उरलेलं नाही.

चहूबाजूंनी पाहायला सांगण्याचं कारण ज्युनिपरच्या रचनेत आहे. त्याच्या खोडात पाणी शिरांनी वर चढतं. एका बाजूची मुळं साधारण त्याच बाजूच्या ठरावीक फांद्यांना पोसतात. म्हणून एकच फांदी वाळली आणि बाकी झाड टवटवीत असेल, तर त्या फांदीपासून खोडावरची शीर बोटाने खाली शोधत जा आणि ती जिथे मातीत उतरते तिथलं मूळ तपासा. खान्देशात हे मूळ फार वेळा कुंडीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला चिकटलेलं सापडतं. दुपारी चार वाजता मे महिन्यात कुंडीच्या त्या बाजूला तळहात टेकवून पाहा. ठेवता येत नसेल, तर आतली मुळं शिजतायत. मुळांची वाढ ३५ अंशांच्या पुढे थांबते आणि ४५ ते ५० अंशांत ती मरायलाच लागतात. हवेचं तापमान ४४ असताना गच्चीच्या स्लॅबवर ठेवलेली काळी प्लॅस्टिकची कुंडी याच्या कितीतरी पुढे जाते.

पांढरा कागद आणि लाल कोळी

मार्च ते जून या काळात झाड एकदम तपकिरी न होता धुरकट, धूळ बसल्यासारखं दिसत असेल, तर लाल कोळीचा संशय घ्या. वांगी आणि कपाशी करणाऱ्यांना हा शत्रू नवा नाही. कोरडी गरम हवा त्याला मानवते, आणि बोन्साय भिंतीलगत, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात असेल तर फारच.

पानांखाली पांढरा कागद धरा आणि फांदीवर दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर पडलेला कचरा अर्धा मिनिट नुसता पाहत बसा. मिरपुडीच्या कणाएवढे ठिपके चालायला लागले तर ते कोळी. बोट फिरवल्यावर तांबूस किंवा हिरवट रेघ उमटली की खात्री झाली. धूळ चालत नाही.

इथे होणारी चूक म्हणजे शेतातून उरलेलं इमिडाक्लोप्रिड फवारणं. कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा आहे. त्या औषधाने तो मरत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि आठवड्यात कोळी दुप्पट होतो. गंधक चालतं, ८० टक्क्यांची पाण्यात मिसळणारी पावडर लिटरला २ ग्रॅम, पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर पानं भाजतात. म्हणजे आपल्याकडे ते थंडीतच वापरायचं. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, त्यात १ मिली मऊ साबणाचं द्रावण, तेही सूर्य मावळल्यावर, आणि गंधकाच्या फवारणीनंतर तीन आठवडे तरी नाही.

एप्रिल-मेमध्ये खरा उपाय पाण्याचा. सकाळी सातच्या आत, कुंडीची माती प्लॅस्टिकने झाकून, नळीच्या तोंडावर अंगठा दाबून पानांच्या खालच्या बाजूने जोरदार फवारा. दर तिसऱ्या दिवशी, असं पाच वेळा. अंडी गरमीत तीन-पाच दिवसांत फुटतात, म्हणून एकदा धुऊन भागत नाही. नळीतलं पहिलं पाणी आधी जमिनीवर सोडून द्या. उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी चहाला आधण ठेवल्यासारखं असतं, आणि ते थेट मुळांवर ओतून झाड मारणारे लोक थोडे नाहीत.

पावसाळ्यात, झड लागली की, वेगळं दुखणं येतं : कोवळी टोकं पिवळी पडून मरतात आणि मेलेल्या भागाच्या बुडाशी राखाडी पट्टा, त्यावर सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके. ही बुरशी. बाधित टोकं कोरड्या दिवशी कापून जाळायची, कुंडी उघड्या हवेत ठेवायची आणि मॅन्कोझेब लिटरला २ ते २.५ ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. याहून जास्त त्यात काही नाही.

स्पंजाचा प्रयोग

कोळी नाही, बुरशी नाही, आणि तरी सगळं झाड एकसारखं निस्तेज होतंय, तर प्रश्न मुळांचा आहे. निम्म्याहून जास्त आजारी बोन्साय या एका ओळीत बसतात. मुळांना पाणी कमी पडलं काय किंवा जास्त झालं काय, वरून चित्र एकच दिसतं, कारण सडलेलं मूळही पाणी ओढत नाही. झाड ओल्या मातीत तहानेने मरतं. मग मालक आणखी पाणी घालतो.

भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. गळेल तेवढं पाणी गळू द्या. गळायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा : पुन्हा पाणी गळतं. पाणी तेवढंच, स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कुंडीत असंच होतं. प्रत्येक मातीच्या तळाशी एक थर पाणी निथळूनही ओलागच्च राहतो, आणि त्या थराची जाडी कणाच्या आकारावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. माती बारीक असेल तर हा थर चांगला चार-पाच बोटं उंच असतो. उंच कुंडीत वर कोरडी जागा उरते; बोन्सायच्या पाच-सहा सेंटिमीटर खोल थाळीत सगळीच मुळं त्या थरात बुडतात. हवा शून्य.

म्हणून बोन्सायच्या थाळीत काळी माती हा सरळ मृत्युदंड आहे. आपली काळी कपाशीला सोनं आहे, पण ती ओली झाली की फुगते, हवेची भोकं बंद करते, आणि वाळली की आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं आणि गड्डा आत कोरडाच राहतो. नर्सरीतून आलेल्या झाडांत बहुधा मधोमध आधीच्या पिशवीतला चिकणमातीचा गोळा असतो आणि भोवती सुटी भरड माती. वरून सगळं ओलं, आतला गोळा खडखडीत. किंवा भोवतालचं कोरडं आणि गोळा महिनाभर ओला.

तपासायला बांबूची काडी पुरते. खोडाजवळ, तळाला टेकेपर्यंत खुपसा, दहा मिनिटं ठेवा, काढून गालाला लावा. गार आणि काळपट असेल तर ओल आहे. मग कडेला दुसरी काडी. दोन्हींत मोठा फरक असेल तर गोळ्याचा दोष सापडला. आतला गोळा कोरडा निघाला तर पूर्ण कुंडी पाण्याच्या टबात काठापर्यंत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण २० ते ३० मिनिटं, ठेवायची. गोळा ओला आणि वास येणारा असेल तर कुंडीची एक बाजू अर्ध्या विटेवर टेकवून ती कलती करा. स्पंज उभा केल्यासारखंच ते आहे. काही मिनिटांत खालच्या भोकातून आणखी पाणी येतं. तातडीचा हा सर्वात स्वस्त उपाय.

ठिबकवाल्या भागात एक मोह होतो, कुंडीलाही ड्रिपर लावून टाकायचा. भरड मिश्रणात ठिबकचं पाणी नरसाळ्यासारखं एका अरुंद वाटेने खाली उतरतं आणि उरलेली मुळं कोरडी राहतात. बोन्सायला झारीच.

पाणी मचूळ असेल तर

कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतोय? बोअरच्या पाण्यातला चुना तो. वर्षानुवर्षं तेच पाणी घातलं की मातीचा पीएच ८ कडे जातो आणि झाडाला लोह मिळेनासं होतं, मातीत असलं तरी. खूण अशी की नवी टोकं पिवळी आणि जुनी पानं हिरवी. नत्र कमी पडलं तर उलट : जुनं आधी पिवळं.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओचं टाकाऊ पाणी कुंडीत घालणं. त्यात मूळ पाण्याच्या दीडपट-दुप्पट क्षार असतात. कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणीही तसंच. उन्हाळाभर पाणी उडून जातं आणि क्षार मागे साठत राहतात. ही दोन्ही पाणी फरशी पुसायला ठेवा.

पावसाचं पाणी उत्तम. गच्चीचं पन्हाळं ड्रममध्ये सोडलं तर दोन-तीन बोन्सायची महिन्यांची सोय होते. ते नसेल तर १० लिटर बोअरच्या पाण्यात पाव चमचा लिंबूसत्व विरघळवा, पीएचच्या कागदी पट्टीवर पाहा, आणि ६ ते ६.५ येईपर्यंत थोडं थोडं वाढवा. पाणी जितकं जड तितकं जास्त लागतं, म्हणून पट्टीशिवाय अंदाजाने नको. साठलेले क्षार धुवायला कुंडीच्या आकारमानाच्या तीन-चार पट गोडं पाणी हळूहळू आरपार जाऊ द्यायचं. लोहासाठी ईडीडीएचए प्रकारचं चिलेट, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, घ्या, लिटरला अर्धा ग्रॅम. दुकानात स्वस्त मिळणारं ईडीटीए चिलेट पीएच ६.५ च्या पुढे टिकत नाही, त्यामुळे आपल्या पाण्यात ते जवळजवळ वाया जातं.

कधी सापडलं, यावर काय करायचं ते ठरतं

इथे पुस्तकी सल्ला आणि खान्देश यांचं बिनसतं. मुळं सडली की ताबडतोब कुंडी बदला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. लू चालू असताना ज्युनिपरची मुळं उघडी केली तर ते जगण्याची आशा फार थोडी.

होळीपासून मृगापर्यंत सापडलं तर मुळांना हात लावायचा नाही. झाड गड्ड्यासकट उचला, जाळीच्या प्लॅस्टिक टोपलीत ठेवा, भोवती आणि खाली भरड मिश्रण (पुढे 'शस्त्रक्रिया'त दिलंय ते) भरा. गड्डा ओला-सडका असेल तर बांबूच्या काडीने त्यात आठ-दहा उभी भोकं पाडून त्यांत तेच मिश्रण सोडा, म्हणजे हवा आत जाईल. मग पूर्वेच्या भिंतीजवळ, ५० टक्के शेडनेटखाली, सकाळचं तीन-चार तास ऊन आणि पश्चिमेचा वारा अडवलेला अशी जागा. ७५ टक्क्यांची नेट नको. अंधारात ज्युनिपर आतून झडतं. टोपली फरशीवर न ठेवता लाकडी बाकावर किंवा विटांवर. भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तर कोरड्या हवेत ते माठासारखं काम करतं. पाणी सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर, काडी पाहून.

कानबाईच्या दिवसांत, म्हणजे श्रावणात सापडलं तर नशीब म्हणायचं. हवेत ओल असते, ऊन ढगाआड असतं, मुळं धरायला याहून चांगला काळ नाही. मध्य जानेवारी ते मध्य फेब्रुवारी हा दुसरा काळ. या दोन्हींत पूर्ण शस्त्रक्रिया करता येते.

शस्त्रक्रिया

मिश्रण आधी तयार करून ठेवा, झाड बाहेर काढल्यावर चाळत बसू नका. ३० बाय २० सेंटिमीटरची, १० सेंटिमीटर खोल टोपली असेल तर ६ लिटर लागतं : ३ लिटर विटांचे तुकडे, २ लिटर नदीची भरड वाळू, १ लिटर परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे). आजारी झाडाला शेणखत, गांडूळखत, कोकोपीट काहीच नको. खतातून हुमणीच्या अळ्याही येतात.

वीट पक्की भाजलेली हवी. तुकडे करून ३ ते ५ मिलिमीटरचे चाळून घ्या, धूळ पूर्ण धुऊन टाका, मग एक रात्र पाण्यात भिजवून बोटांनी चोळा. चिखल सुटला तर वीट कच्ची आहे, वर्षभरात ती कुंडीत पुन्हा माती होणार, फेकून द्या. वाळूवर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर तिच्यात चुनखडीचे खडे आहेत, दुसरी वाळू शोधा. जपानहून येणारी अकादामा माती चांगली असते, पण आपल्याकडे ती महाग पडते आणि तिच्यावाचून काही अडत नाही.

झाड काढण्याआधी एक दिवस पाणी देऊ नका, गड्डा सुटा होतो. काढल्यावर पहिल्यांदा वास घ्या. निरोगी मुळांना पावसानंतरच्या रानासारखा वास येतो, सडलेल्यांना गटारासारखा. मूळ चिमटीत धरून ओढा : वरचं आवरण सटकून आत दोऱ्यासारखी काडी उरली तर ते मेलंय. पांढरी किंवा मलईच्या रंगाची टोकं म्हणजे जीव. चिडाच्या गड्ड्यात पांढरी बुरशी दिसली तर धुऊ नका, ती त्याची सोबतीण आहे, मुळांना अन्न मिळवून देते. मात्र मुळांवर कापसाचे पुंजके आणि त्यांत हलणारे पांढरे ठिपके असतील तर तो पिठ्या ढेकूण.

आता संयम. सगळी जुनी माती एकाच वेळी धुऊन काढायची नाही. गड्ड्याचे भाकरीसारखे दोन अर्धे कल्पा. जास्त सडलेला अर्धा पाण्याच्या हलक्या धारेने खोडापर्यंत साफ करा, मेलेली मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. दुसऱ्या अर्ध्यातलं फक्त जे सडलंय तेवढंच काढा, बाकी माती तशीच. तो अर्धा दीड-दोन वर्षांनी. जिवंत मूळ एकही कापायचं नाही, कितीही वेडंवाकडं असलं तरी. सौंदर्य नंतर पाहता येईल.

टोपलीच्या जाळीतून ॲल्युमिनियमची तार ओवून झाड घट्ट बांधा. खोड हलवलं तर टोपलीसकट हललं पाहिजे. ही पायरी लोक सोडून देतात, आणि मग वाऱ्याने झाड रोज डुलतं, नव्या मुळांची केसासारखी टोकं रोज तुटतात. बांधून झालं की मिश्रण काडीने मुळांच्या पोकळ्यांत खुपसत भरा, मुठीने दाबू नका. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्या. वर ओल्या शेवाळाचा पातळ चुरा.

सड जास्त होती तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम, एकदा आळवणी, म्हणजे मुळांशी ओतायचं. पंधरा दिवसांनी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, लिटरला ५ ग्रॅम. दोन्ही एकत्र घातलं तर तांबं ट्रायकोडर्मालाच मारतं आणि दोन्हींचे पैसे जातात. ह्युमिकच्या बाटल्यांनी नुकसान होत नाही. चमत्कारही होत नाही.

वाट पाहणं

पहिले तीन-चार आठवडे उजेडाची सावली. पानांवर दिवसातून तीन-चार वेळा बारीक तुषार, माती मात्र काडी सांगेल तेव्हाच ओली. खत नाही, छाटणी नाही, तार नाही. तपकिरी पानं हाताने काढली तरी चालतात, हिरव्या टोकाला बोट नको.

बरं होण्याची पहिली खूण पानांवर दिसत नाही, वजनावर कळते. पाणी निथळल्यावर टोपली सामान तोलायच्या हातकाट्याला टांगा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. समजा सुरुवातीला दिवसात शंभर ग्रॅम घटत होते आणि तीन आठवड्यांनी, हवा तशीच असताना, अडीचशे घटायला लागले, तर ते पाणी झाड पितंय. मुळं चालू झाली. टोकांवर पोपटी फूट त्यानंतर काही आठवड्यांनी येते. घट तशीच राहिली किंवा कमी झाली, आणि पेनची खूण खाली सरकत गेली, तर झाड जातंय.

कधी कधी नवी फूट मऊ, खवल्यांसारखी न येता टोचऱ्या सुयांची येते. ज्युनिपरची बालपणीची पानं असतात तशी. घाबरून कापू नका. ताण पडलेलं झाड असं करतं, आणि वर्ष-दोन वर्षांत पुन्हा खवल्यांवर येतं.

फूट दोन सेंटिमीटरची झाली की खत. १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. दोन महिन्यांनी सरकी पेंड चहाच्या गाळण्याएवढ्या कापडी पुरचुंडीत बांधून कडेला ठेवता येते. मार्च लागताच ती उचलायची, उन्हात पेंड तापते आणि मुंग्या लागतात.

मेलेली फांदी घाईने कापू नका. तिची साल सोलून लाकूड उघडं ठेवलं तर तेच झाडाचं वय दाखवतं, जपानी लोक त्याला जिन म्हणतात. फक्त आपल्याकडे त्या उघड्या लाकडाला उधई (वाळवी) लागते, तीही मातीकडून वर चढत. बुंध्याजवळच्या मेलेल्या लाकडाला माती टेकू देऊ नका, आणि बाकाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. पूर्वी जाळीच्या कपाटाचे ठेवायचे तसे.

तार बांधायला आणि बोन्सायच्या थाळीत परत न्यायला, फूट आल्यापासून पुढचा एक उन्हाळा त्याच टोपलीत पार पडू द्या.